शेतकऱ्याच्या घरची शँपेन: लेबलावरच्या ‘आर एम’चा अर्थ काय?

सुरूच्या बनातून

नमस्कार मंडळी. आमचं तारकर्लीला दोन खोल्यांचं घरगुती निवास आहे. फेब्रुवारीत एक फ्रेंच जोडपं आठ दिवस राहून गेलं. साठीच्या पुढचे दोघे. सकाळी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढायला माणसांच्या रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी सासूबाईंच्या शेजारी बसून अडाळ्यावर नारळ खवायचे. जाताना बाईंनी बॅगेतून स्वेटरात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि सासऱ्यांच्या हातात दिली. शँपेन. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, ही दुकानातली नाही, माझ्या मामेभावाची आहे. द्राक्षं त्याची, तळघर त्याचं आणि भरलीही त्यानेच.

लेबलावर घराण्याचं नाव आहे आणि खाली गावाचं नाव, आंबोने. मी मोठ्याने वाचलं तर सासूबाई म्हणाल्या, “आंबो? मगे आपल्यासारख्यांचोच गाव तो.” अगदी तळाशी, भिंगाशिवाय दिसणार नाहीत इतक्या बारीक अक्षरांत ‘आर एम’ आणि पुढे एक नंबर. मागच्या बाजूला पिनो न्वार ८०, शार्दोने २०, एक महिना-वर्ष आणि ‘५ ग्रॅम’ असं काहीतरी.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी करतोय. तेव्हा ती उघडावी असं त्यांच्याच मनात आहे. पण मुंबईचे भावोजी आले होते, त्यांनी बाटली बघितली आणि म्हणाले, मोठ्या नावाची असती तर गोष्ट वेगळी, ही शेतकऱ्याची घरगुती, पाहुण्यांसमोर काढू नका, मी चांगली पाठवतो. सासरे काही बोलले नाहीत, बाटली उचलून परत माजघरातल्या कपाटात ठेवून आले. मला ते फार लागलं.

म्हणून विचारते. ही खरंच कमी प्रतीची असते का? ‘आर एम’ म्हणजे काय? दोन महिने आमच्या उकाड्यात कपाटात आहे, खराब झाली असेल का? आणि उघडायची कशी, सोबत काय करायचं? आमच्या घरात कोणी कधी वाइन प्यायलेलं नाही, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगितलं तरी चालेल.

देवगडचा कातळ

ताई, सर्वात आधी ती बाटली आजच्या आज कपाटातून काढा. फ्रिजमध्ये भाजीच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. आडवी-उभी कशीही चालेल, दीड महिन्याचाच प्रश्न आहे. दोन महिन्यांच्या उष्म्याने तिचा ताजेपणा थोडा गेला असेल, पण माजघराच्या अंधारात होती हे फार बरं झालं. उजेड उन्हाळ्याइतकाच वाईट. मी १९ वर्षं प्रवासी जहाजांवर होतो, शेवटची ११ वाइन स्टुअर्ड म्हणून. एकदा शोभेसाठी पांढऱ्या काचेची एक बाटली मी ट्यूबलाइटच्या फडताळावर दोन-तीन आठवडे ठेवली. लग्नाचा वाढदिवस असलेल्या एका जोडप्यासाठी तीच उघडली आणि ग्लासातून शिजवलेल्या कोबीचा वास आला. ती चूक माझी होती आणि त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

आता ‘आर एम’. पूर्ण शब्द आहे रेकोल्तां-मानिप्युलां. पीक काढणारा आणि वाइन करणारा एकच माणूस. स्वतःच्या बागेतली द्राक्षं, स्वतःच्या घरी दाबलेली, आंबवलेली, भरलेली. बाहेरून फार तर ५ टक्के घेता येतात. ‘एन एम’ असेल तर द्राक्षं विकत घेऊन वाइन करणारी पेढी. जगभर ज्यांची नावं माहीत आहेत ती बहुतेक सगळी घराणी ‘एन एम’. शँपेन हे फ्रान्समधल्या प्रांताचंही नाव, तिथे सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षबाग आहे आणि तिच्यातली जवळजवळ ९० टक्के शेतकऱ्यांच्या मालकीची. पण विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास पेढ्यांच्या नावाने जातात. जमीन एकाची, नाव दुसऱ्याचं. देवगडात जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात आमचं जहाज फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात दुरुस्तीला थांबलं होतं. माझ्याबरोबर बारमध्ये काम करणारा एक मुलगा शँपेनमधल्या रीम्स शहरचा होता, तो दोन दिवस मला घरी घेऊन गेला. त्याच्या आत्याची बाग तुमच्या बाटलीच्याच गावाजवळ. आंबोने हे रीम्सच्या डोंगराच्या दक्षिण उतारावरचं गाव, काळ्या पिनो न्वार द्राक्षासाठी नावाजलेलं. तुमच्या बाटलीत ८० टक्के तेच आहे, उरलेलं शार्दोने हे पांढरं द्राक्ष. सुमारे ३२० गावांमध्ये शँपेनची द्राक्षं होतात, त्यांतल्या फक्त १७ गावांना ‘ग्राँ क्रू’ हा सर्वात वरचा दर्जा आहे आणि त्यांत आंबोने येतं. तेव्हा भावोजींना एवढं नक्की सांगा की गाव पहिल्या रांगेतलं आहे.

मी मोठ्या महालाची अपेक्षा करून गेलो होतो. अंगणात चिखलाने माखलेला ट्रॅक्टर, दोरीवर वाळत घातलेले रबरी बूट आणि एक भुंकणारा कुत्रा. आत्याबाईंचे यजमान खाली तळघरात घेऊन गेले. तीसेक पायऱ्या असतील. भिंती खडूच्या, शाळेच्या फळ्याला लागतो तसा खडू, पण ओला. मी हात लावला तर बोटावर पांढरा लेप आला. ते म्हणाले, हा दगड पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात वेलीला देतो. मला आमचा कातळ आठवला. आमचा जांभा उलट, पाणी धरतच नाही, म्हणून सुरुंग लावून खड्डे मारायचे, दुसरीकडची माती आणून भरायची आणि मग कलम लावायचं. दगड वेगळा, पण भाटीतल्या मातीचा आंबा आणि कातळावरचा आंबा जीभ ओळखते, तसंच त्यांच्याकडे या उताराचं आणि त्या उताराचं द्राक्ष ओळखतात.

तळघरात लाकडी फळ्यांना भोकं पाडून बाटल्या माना खाली करून लावलेल्या होत्या. शँपेनला दुसऱ्यांदा बाटलीतच आंबवतात. तयार वाइनमध्ये लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. आतला वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच मुरतो, तेच ते बुडबुडे. यीस्ट मरून तळाशी गाळ बसतो. कायद्याने बाटली कमीत कमी १५ महिने तळघरात ठेवावी लागते, हे गृहस्थ तीन-तीन वर्षं ठेवायचे. मग रोज प्रत्येक बाटलीला थोडा हिसका देऊन जरा फिरवायची, म्हणजे गाळ हळूहळू मानेत उतरतो. माझ्यासमोर त्यांनी दोन्ही हातांनी दोन-दोन बाटल्या फिरवत एक अख्खी फळी संपवली. खट-खट, खट-खट, न बघता.

मग त्यांनी एक बाटली उचलली, मान खालीच ठेवून चिमट्याने टोपण काढलं आणि त्याच क्षणी बाटली वर उचलली. गाळाची गुठळी फाटकन समोरच्या पिंपात गेली आणि त्यांनी अंगठा तोंडावर दाबला. दोन घोट वाइनसुद्धा वाया गेली नाही. तीच त्यांनी मला तशीच, साखर न घालता प्यायला दिली. कच्च्या कैरीसारखी आंबट, आणि मागून खारट चव. मग दुसरी दिली, गाळ काढल्यावर थोडं साखरेचं मिश्रण घातलेली. तुमच्या लेबलावरचे ‘५ ग्रॅम’ म्हणजे ही साखर, लिटरला ५. हे कमी आहे. बाजारातल्या साध्या ‘ब्रूत’, म्हणजे कमी गोड, शँपेनमध्ये १२ च्या आतपर्यंत चालते. आणि तो महिना-वर्ष म्हणजे गाळ काढल्याची तारीख. आंबोनेतलंच एग्ली-उरिये नावाचं घराणं बाटलीवर ही तारीख छापतं आणि किती महिने गाळावर ठेवली तेही छापतं. छापायची सक्ती नाही.

ताई, ती तारीख माझ्या डोक्यातून गेली नाही. २०१४ ला मी घरी परतलो, वडिलांची २४० कलमं हातात घेतली. पहिले तीन हंगाम पेट्या वाशीला अडत्याकडे. आमच्या पेटीवर आमचं नाव नाही, नुसती एक खूण. आंबा कोणी खाल्ला, कसा लागला, काही कळायचं नाही. तीन आठवड्यांनी हिशेबाची पट्टी यायची, त्यात अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून जे उरेल ते. चौथ्या वर्षी मी पेटीवर वाडीचं नाव, तोडीची तारीख आणि आढीत घातल्याची तारीख छापली आणि थेट पुण्याला गिऱ्हाइकांना पाठवली. आपल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं, पण ते पाच जिल्ह्यांना मिळून आहे. माझ्या वाडीच्या आंब्याला जबाबदार मीच.

आणि जबाबदार म्हणजे काय तेही कळलं. एका वर्षी उष्म्याने साका धरला. वरून सोन्यासारखा आंबा आणि आत पांढरा, स्पंजासारखा गर. ३१ गिऱ्हाइकांचे फोन आले. अडत्याकडे गेला असता तर इतरांच्या पेट्यांत मिसळून गेला असता, मला कळलंही नसतं. मी पैसे परत केले. आंबोनेच्या त्या शेतकऱ्याचं तसंच आहे. पेढी ५०-१०० गावांची वाइन मिसळून दर वर्षी तीच चव आणते, आणि ते काम सोपं नाही, मी त्याचा मान ठेवतो. पण शेतकऱ्याकडे त्याच्या उताराचं त्या वर्षीचं जे आहे तेच आहे. फार तर मागच्या वर्षांची राखून ठेवलेली थोडी वाइन घालेल. म्हणून तुमच्या बाटलीत त्या गावाची चव आहे आणि त्या माणसाचं नाव आहे. तिला कमी प्रतीची म्हणणारा माणूस लेबल वाचत नाही, जाहिरात वाचतो.

पंचाहत्तरीला तीच उघडा.

चिपळूणहून

काकांचं लिखाण वाचून अंगावर काटा आला, पण दोन गोष्टी जोडायला हव्यात. मी मुंबईत आयात वाइनच्या एका गोदामात आठ वर्षं हिशेबाला होतो, तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

एक, ‘आर एम’ ही प्रत नाही, वर्ग आहे. वाईट ‘आर एम’ही असतात. आणि काही अतिशय काटेकोर छोटे लोक शेजाऱ्याची थोडी द्राक्षं विकत घेतात, एवढ्यावरून त्यांना ‘एन एम’ लावावं लागतं. फसगत होते ती ‘आर सी’ची. तिथे शेतकरी द्राक्षं सहकारी संस्थेला देतो, संस्था सगळ्यांची मिळून वाइन करते आणि तो तीच बाटली स्वतःच्या नावाचं लेबल लावून विकतो. ताईंच्या बाटलीवर ‘आर एम’ आहे, म्हणजे त्या बाई म्हणाल्या ते खरं आहे.

दुसरं, वाशीची तुलना अर्धीच लागू पडते. शँपेनच्या शेतकऱ्याला अलीकडच्या वर्षांत द्राक्षाला किलोमागे ६-७ युरो मिळालेत. त्यांच्या नियमाने ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटर रसच काढता येतो, म्हणजे एका बाटलीला सव्वा किलोच्या आतबाहेर द्राक्षं. हिशेब करा. द्राक्षं विकूनही तो सुखाने जगतो, तरी काही जण बाटली भरतात. आपल्या बागायतदाराकडे ती निवड नाही.

भावोजींचं म्हणणं कुठून येतं तेही माहीत आहे. आपल्याकडे वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क, त्यावर राज्याचे कर. एवढा पैसा घालून दुकानदार ज्याचं नाव गिऱ्हाईक ओळखतं तीच आणणार. छोट्या शेतकऱ्याच्या वर्षाला काही हजार बाटल्या, त्या इथवर पोचतच नाहीत. जे दिसत नाही ते हलकं असणार, असं माणूस धरून चालतो.

देवगडचा कातळ

चिपळूणकर, किमतीचं बरोबर आहे. पण त्यांना तो भाव बसून मिळालेला नाही. शंभर वर्षांपूर्वी पेढ्या बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षं आणून शँपेन म्हणून विकत होत्या, इथल्या शेतकऱ्याचं पीक पडून. १९१० चं पीक बुडालं आणि १९११ मध्ये लोक रस्त्यावर आले. आय नावाच्या गावात पेढ्यांची तळघरं फोडली, आगी लावल्या, सरकारला लष्कर आणावं लागलं. त्या भांडणातून हद्दी ठरल्या, नियम आले. मग १९३० च्या मंदीत पेढ्यांनी द्राक्षं घेणं कमी केलं तेव्हा कित्येकांनी नाइलाजाने स्वतःच्या बाटल्या भरायला सुरुवात केली. मी ज्याच्या तळघरात गेलो त्या शेतकऱ्याच्या बापाने तेव्हाच सुरुवात केली होती, त्याने तळघरात मला सांगितलं होतं. पुढे १९७० च्या दशकात आव्हीझ गावच्या आन्सेल्म सलोसने फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतात शिकून येऊन बापाची बाग हातात घेतली, उत्पन्न कमी ठेवलं, वाइन लाकडी पिंपात आंबवली, आणि त्यानंतर शेतकऱ्याची शँपेन जगाने मन लावून प्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे ती निवड नाही हे तुमचं वाक्य मात्र मला झोंबलं. आहे निवड, फार महाग आहे एवढंच. माझ्या वाडीतल्या चौघांनी आता पेटीवर नाव छापायला सुरुवात केली आहे.

ताई, उघडायचं सांगायचं राहिलं. बाटली फ्रिजमध्ये असेलच, उघडण्याआधी अर्धा तास बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून ठेवा. नुसत्या बर्फाने लवकर गार होत नाही. बाटली हलवू नका. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, म्हणून तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरून बाटली खालून फिरवा, बूच नव्हे. आवाज फुस्स असा आला पाहिजे, सुस्कारा टाकल्यासारखा. काचेचे साधे, तोंडाशी जरा निमुळते ग्लास घ्या आणि साबणाचा अंश राहू देऊ नका, बुडबुडे मरतात. एका बाटलीत सहा-सात जणांना थोडी थोडी होते.

कोळथऱ्याची काकू

मला वाइनमधलं काही कळत नाही, माझी मुलगी फ्रान्सला तीन वर्षं होती, ती सांगते ते लिहिते. तिखट मालवणी कालवण, तिरफळं, सोलकढी यांच्याबरोबर नको. कोकमाचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा भांडतात. मोदक, शिरा, गोड काही बरोबर दिलंत तर वाइन नुसती आंबट लागेल. तळलेलं, खारट, नारळाचं द्या. रव्यातले बोंबील, सुरमईचा पातळ तुकडा फक्त मीठ-हळद-लिंबू लावून, ओल्या काजूची कमी तिखट उसळ, फणसाचे तळलेले गरे. आणि मिळालीच तर कालवं. ती म्हणते, तिकडे कालवं आणि शँपेन म्हणजे आपल्याकडे पिठलं-भाकरी. १ जूनला मासेमारी बंद, त्याआधीचा रविवार आहे तुमचा, ताजं मिळेल.

सुरूच्या बनातून

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच कार्यक्रम झाला, सविस्तर लिहिते.

काकांचा पहिला प्रतिसाद मी प्रिंट काढून सासऱ्यांना वाचून दाखवला. तळघरातली पायरी न् पायरी त्यांनी दोनदा ऐकली. त्यांनी ४० वर्षं रापणीत वाटा ठेवला होता, त्यामुळे बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबायचा भाग त्यांना फारच आवडला. दोर कधी सोडायचा हे हातालाच कळतं, म्हणाले.

भावोजींना मी काही बोलले नाही. सासऱ्यांनीच बाटली त्यांच्या हातात दिली, चष्मा दिला आणि तळाची दोन अक्षरं वाचायला लावली. मग स्वतः उघडली. यजमानांनी बादलीत मच्छीमार्केटचा बर्फ आणला होता, तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. बूच निघायला बराच वेळ लागला, सगळे श्वास रोखून होते, आणि अगदी काका म्हणाले तसाच फुस्स. मुलं हिरमुसली, त्यांना मोठा आवाज हवा होता.

रंग कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यापेक्षा थोडा पिवळा. मला पहिला घोट आंबट वाटला, पण कालवं खाल्ल्यावर दुसरा घेतला तेव्हा दोन्ही एकदम गोड झालं, कसं ते मला सांगता येत नाही. कालवं देवबागच्या खाडीतली, सकाळी ओहोटीला आमच्या शेजारणीने फोडून आणलेली. भावोजींनी ग्लास संपवला आणि आणखी आहे का विचारलं. नव्हती.

सासऱ्यांनी मात्र पिण्याआधी बराच वेळ नुसता वास घेतला. म्हणाले, “ह्याका पावाचो वास येता. सकाळी पाववालो फडक्याची गाठ सोडता ना, तेवाचो.” काका, हा वास गाळावर ठेवल्याचा का? नंतर वाचलं की यीस्टमुळे येतो. त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

लेबल कोमट पाण्यात भिजवून अख्खं काढलं. आमच्याकडे पाहुण्यांनी लिहायची वही आहे, तिच्यात त्या बाईंनी फेब्रुवारीत लिहिलेल्या पानाच्या समोर सासूबाईंनी ते खळ लावून चिकटवलं. त्याचा फोटो आज त्यांना पाठवला.